आधी खराटा, मग पथनाट्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडला, ‘स्वच्छता ही सेवा’चे फलक लागले, की चौकाचौकांत पथनाट्यांचा हंगाम सुरू होतो आणि २ ऑक्टोबरला संपतो. आपल्या अंकात त्यांची छायाचित्रं येतात. काळे कुर्ते घातलेली कॉलेजची मुलं, मधोमध शिंगं लावलेला ‘कचरासुर’, बाजूला यमराज नाहीतर चित्रगुप्त, मागे फलकाची दोन टोकं धरून उभे असलेले दोन अधिकारी. शेवटी सामूहिक शपथ. छायाचित्रात सगळं असतं, कचरा तेवढा नसतो.

त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो आहोत, कारण या प्रयोगांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो आणि ते नीट करता येतात.

कचरासुरापासूनच सुरुवात करू. त्याचं डोकं बहुधा थर्माकोलचं असतं, त्यावर ऑइल पेंट आणि चमकी. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्रात ती २०१८ पासूनच होती. त्या वर्षी गणपतीच्या मखरांवरून झालेली ओरड वाचकांना आठवत असेल. हंगाम संपल्यावर हे डोकं जातं कुठे? भंगारात त्याला कोणी हात लावत नाही. थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. हातगाडी भरून नेला तरी काट्यावर फारसं काही भरणार नाही. काही मंडळी शेवटी असुराचं दहन करतात. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५ हजार रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार. काळ्या धुराच्या साक्षीने पर्यावरण रक्षणाची शपथ घेणं यापलीकडे आणखी काय विडंबन लिहायचं!

वेशभूषेची तीच गत. चिप्सच्या पाकिटांचा झगा शिवायचा म्हणून प्रत्येक मुलाला वीस पाकिटं आणायला सांगतात. घरात तेवढी निघत नाहीत, मग मुलं दुकानातून चिप्स आणून संपवतात. पण ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या नावाखाली सर्वांत जास्त वाट लागते ती पाण्याच्या बाटलीची. रिकामी पेट बाटली भंगारवाला किलोवर घेतो. ती चेपली जाते, गठ्ठ्यात बांधली जाते, पुढे तिचे तुकडे होतात, तुकड्यांचा धागा होतो. त्याच बाटलीवर ग्लू गनचा गोंद, रंग आणि चमकी बसली की तिचा भाव शून्य. म्हणजे विकली जाणारी वस्तू आपण हौसेने टाकाऊ केली. आमच्याकडे यावर एकच नियम आहे: चिकटवायचं नाही, बांधायचं. सुतळी, दोरा, सेफ्टी पिन, कपड्यांचे चिमटे. प्रयोग झाला की पाच मिनिटांत सगळं सुटं होऊन ज्या त्या पोत्यात गेलं पाहिजे. बाकी सामान म्हणजे बांबू, जुन्या साड्या, घमेली आणि बादल्या, वर्षानुवर्षं तीच.

संहितेचं दुखणं याहून जुनं. कचरा टाकणारा नेहमी दारुडा, पानवाला किंवा वस्तीतली भांडखोर बाई. समजावणारी मुलगी नेहमी शिकलेली. सफाई कामगार आलाच तर हशा पिकवायला किंवा कीव करायला. प्रत्यक्षात पार्सलचे डबे, ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे आणि फुगेवालं प्लास्टिक कोणत्या दारातून निघतं, हे घंटागाडीवरच्या कुणालाही विचारा. वस्तीतल्या घरातून पुठ्ठा आणि बाटली बहुधा कचऱ्यात पडतच नाही. ती आधीच विकलेली असते.

खरं तर महाराष्ट्राला ही कला बाहेरून शिकायची गरज नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा (१८७६–१९५६), गावात आले की आधी खराटा हातात घेत. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. कीर्तनही एकतर्फी नव्हे; वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न, श्रोत्यांचं उत्तर, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न. अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा. हातातलं गाडगं डोक्यावर पालथं घातलं की टोपी, पुढ्यात घेतलं की ताट. एवढ्या कमी सामानात एवढी मोठी सभा खिळवून ठेवणारा माणूस आपल्याकडे दुसरा झाला नसेल. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालतं, पण आजच्या मोहिमांनी त्यांचा क्रम उलटा करून टाकला. आधी भाषण, खराटा फोटोपुरता.

त्यांचा क्रम पाळणारी माणसं अन्यत्रही झाली. न्यूयॉर्कच्या कलावंत मिर्ल लादरमन युकेलिस यांनी १९६९ मध्ये एक जाहीरनामा लिहून विचारलं होतं, क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार? पुढे त्या शहराच्या सफाई खात्यात बिनपगारी कलाकार म्हणून रुजू झाल्या. १९७९-८० मध्ये त्यांनी सुमारे ८,५०० सफाई कामगारांना गाठून प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. हाच त्यांचा प्रयोग. १९८३ मध्ये त्यांनी कचऱ्याच्या एका गाडीला बाहेरून आरसे बसवले, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला कचरागाडीत स्वतःचं तोंड दिसावं. (आपल्या घंटागाडीवर त्या जागी कोणाची तोंडं असतात, ते सांगायला नको.) याउलट जर्मनीचे कलावंत योसेफ बॉइस यांनी १ मे १९७२ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये कामगार दिनाच्या मोर्चानंतर चौक झाडला आणि निघालेला कचरा काचेच्या कपाटात कलाकृती म्हणून जपून ठेवला. कलेच्या इतिहासात ते मोठं असेल. झाडूवाल्याच्या हिशेबाने काम अर्धवट राहिलं.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे.

लागणारं मुख्य सामान म्हणजे एका घराचा एका दिवसाचा खरा कचरा. शहरात माणशी दिवसाला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घरातून सव्वा ते दोन किलो. वजनाने त्यातला निम्म्याच्या आसपास ओला. ज्या गल्लीत प्रयोग, त्याच गल्लीतल्या एखाद्या घरातून तो मागून घ्यायचा. कोणाचा ते जाहीर करायचं नाही. कचरा त्याच दिवशीचा हवा. बंद पिशवीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहिला की त्याला पाणी सुटतं, आंबूस वास येतो आणि पहिली रांग उठून मागे सरकते. ठेवायचाच असेल तर ओला भाग उघड्या टोपलीत, खाली-वर सुका पालापाचोळा घालून. ब्लेड, फुटकी काच, औषधांच्या सुया आधी शोधून बाजूला काढायच्या आणि हाताळणाऱ्याने जाड रबरी हातमोजे घालायचे. वापरलेले पॅड आणि डायपर प्रयोगात कधीही आणायचे नाहीत. कोरा पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर (वेचणाऱ्याला न उघडताच कळावं म्हणून) लाल ठिपका काढून दाखवला तरी सांगायचं ते सांगून होतं.

सुरुवात ताणकाट्याने करावी. पिशवी हुकाला अडकवायची आणि वजनाचा अंदाज लोकांना विचारायचा. कोणी अर्धा किलो म्हणतं, कोणी पाच. यात दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात लोक बघ्यांचे खेळगडी होतात. मग दोन घमेली पुढे ओढायची. सारखाच कचरा दोन्हींत: वर्तमानपत्र, पुठ्ठा, दुधाची पिशवी, बाटली, भाजीची देठं, चहाचा चोथा. एका घमेल्यात सुकं आणि ओलं वेगळं. दुसऱ्यात सगळं एकत्र, वरून वाटीभर उरलेली आमटी. दहा मिनिटं दुसरा प्रसंग करायचा आणि मग त्याच भागातल्या खऱ्या भंगारवाल्याला पुढे बोलवायचं: काका, दोन्हींचा भाव सांगा. पहिल्या घमेल्यातल्या एकेका वस्तूचा तो भाव सांगतो. दुसऱ्यातलं वर्तमानपत्र दोन बोटांनी उचलून परत टाकतो. ओला, तेलकट कागद रद्दीत जात नाही. वर्गीकरण का करायचं, यावर याहून सरस संवाद आजवर लिहिला गेलेला नाही आणि नटाच्या तोंडी तो शोभतही नाही. भंगारवाल्याला आदल्या दिवशी भेटून वेळ ठरवायची, आणि तो दुकान बंद ठेवून येतो तेव्हा त्या तासाचे पैसे त्याला द्यायचे.

दुधाच्या पिशवीचा प्रसंग जेमतेम दोन मिनिटांचा, पण संपूर्ण प्रयोगात लोकांच्या लक्षात राहतो तो हाच. नटी भरलेली पिशवी हातात धरते, कात्रीने कोपरा कापते. नखाएवढा तिकोनी तुकडा खाली पडतो. हलगी थांबते. सगळे नट जागच्या जागी थिजतात आणि एक जण गुडघे टेकून तो तुकडा शोधू लागतो. तो शोधणं पंधरा-वीस सेकंद चालू द्यायचं, गर्दीला अवघडल्यासारखं होईपर्यंत. पिशवीला भाव आहे, या तुकड्याला नाही. तो वेचणाऱ्याच्या हाती येत नाही आणि गटारात जातो. मग दुसरी पिशवी. इथे कोपऱ्याला चीर द्यायची, पण शेवटचं अर्धं बोट न कापता सोडायचं, म्हणजे कोपरा लोंबकळत राहतो. दूध पातेल्यात, पाव वाटी पाण्याने पिशवी विसळून ते पाणीही पातेल्यात, पिशवी चिमट्याला उलटी टांगलेली. त्यानंतर हिशेब लोकांकडूनच करून घ्यायचा. या गल्लीत घरं किती? दोनशे. घरटी पिशव्या? दोन. दिवसाला ४०० तुकडे, वर्षाला १ लाख ४६ हजार. आकडा नटाने सांगू नये. गर्दीतलं कोणीतरी मोबाइल काढून करतंच, आणि तोच आवाज शेजाऱ्याला खरा वाटतो.

खताचा प्रसंग मात्र बहुतेक प्रयोगांत फसतो, कारण वीस मिनिटांत खत होत नाही आणि पेरूच्या झाडामागे दडलेली ‘खतमाता’ अवतरली तरी कोणाचा विश्वास बसत नाही. त्यासाठी तीन बादल्या लागतात: कालची, पंधरा दिवसांची, पन्नास दिवसांची. म्हणजे तयारी दोन महिने आधीपासून. २० लिटरची जुनी रंगाची बादली घ्यायची, बुडाला आणि बाजूंना पेन्सिल जाईल अशी दहा-बारा भोकं पाडायची, तळाला दोन बोटं नारळाच्या शेंड्या किंवा वाळकी पानं. रोज ओला कचरा बारीक करून जेवढा टाकू, साधारण तेवढ्याच आकारमानाचा सुका पाला वर. विरजण म्हणून मूठभर तयार खत किंवा थोडं आंबट ताक. दोन-तीन दिवसांनी एकदा खालीवर करायचं. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब निघावा; धार लागली तर पाणी जास्त, कोरडं भुरभुरलं तर कमी. कुजट वास आला की समजावं हवा अडली आहे, सुका पाला वाढवायचा. मुंग्या झाल्या तर फार कोरडं पडलंय. अळ्या दिसल्या की लोक बादली टाकून देतात, तिथे नटाने अळी तळहातावर घेऊन दाखवावी. ती कचरा खाऊन फस्त करते, चावत नाही, आणि पाला वाढवला की कमी होते.

प्रयोगात या बादल्या गर्दीतून फिरवायच्या. कालच्या बादलीला लोक नाक मुरडतात, पन्नास दिवसांचीला आधी नाक मुरडतात आणि मग पुन्हा जवळ घेतात. नाटकात वास वापरायची सोय बंदिस्त रंगमंचाला नाही, चौकाला आहे.

चौकाचं गणितही लिहून ठेवतो. सात-आठ नट, वीस मिनिटं, पंधरा फूट व्यासाचं रिंगण. माइक नसताना वाहत्या रस्त्याकडेला आवाज दहा-बारा मीटरपलीकडे जात नाही, म्हणून पाठीमागे भिंत असलेली जागा निवडावी. बसथांबा टाळावा; बस आली की अर्धा प्रेक्षक गेला. भोंगा लावायचा तर पोलिसांची परवानगी काढावी लागते आणि नटही आळशी होतात. रिंगणात कोणाला ना कोणाला पाठ दिसतेच, तेव्हा महत्त्वाचं वाक्य तीन नटांनी तीन दिशांना म्हणायचं. लहान मुलांना आधीच पुढे बसवावं, नाहीतर घमेली ती पळवतात. मंडळींच्या चहासाठी स्टीलचे पेले बरोबर हवेत. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे तो रद्दीतही जात नाही. एवढं सगळं सांगून झाल्यावर नटांच्याच हातात तो कप दिसला तर लोक सोडत नाहीत.

वेळेची चूक सगळ्यांत महागात पडते. पथनाट्य संध्याकाळी सहाला, घंटागाडी सकाळी साडेसातला. चौकात उभे असतात ते कामावरून परतणारे पुरुष आणि टपरीवरची मुलं. घरातला कचरा हाताळते ती गृहिणी, किंवा भांडी-केरवारा करणाऱ्या मावशी. त्या दोघीही त्या वेळी तिथे नसतात. प्रयोग सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी गाडी येण्याआधी अर्धा तास करावा, किंवा बचत गटाच्या दुपारच्या बैठकीला जोडून, म्हणजे शिकलेलं लगेच गाडीशी करून बघता येतं.

आणि कुठेही करा, एक प्रश्न येणारच: “आम्ही वेगळं करू हो, पण गाडीत तर सगळं एकत्रच करता ना?” या प्रश्नाला घोषणेने उत्तर दिलं की प्रयोग तिथेच संपतो. म्हणून प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात निदान तीन सकाळी त्या गाडीमागून जाऊन बघावं. गाडीत कप्पे आहेत का, भरल्यावर कप्प्यांतलं एकमेकांत सांडतं का, पुढच्या ठिकाणी मोठ्या गाडीत टाकताना दोन्ही एकत्र होतात का. होत असतील तर आधी मुकादमाशी आणि आरोग्य निरीक्षकाशी बोलणं, दुरुस्ती झाल्यावर प्रयोग. दुरुस्ती होत नसेल तर प्रयोग त्याच विषयावर करावा आणि त्या दोघांना पहिल्या रांगेत बसवावं. पालिकेच्या पैशाने हे कसं करणार, असं कोणी विचारेल. मग पालिकेच्या पैशाने नुसत्या नागरिकांना तरी का रागवायचं?

कचरावेचकांना या प्रयोगात घ्यायचं तर कीव करण्यासाठी नव्हे, जाणकार म्हणून. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून आहे, तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ‘स्वच्छ’ने २०१३ मध्ये वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनच्या पिशव्या भरून त्या बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवल्या होत्या. संवाद नाही, गाणं नाही, हलगी नाही. कचरा ज्याचा त्याच्या दारात. आमच्या मते गेल्या काही वर्षांतला कचऱ्यावरचा मराठी मुलखातला सर्वांत नेमका प्रयोग तोच. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी प्रत्येक पॅडसोबत गुंडाळायला पिशवी द्यावी अशी अपेक्षा आली. पथनाट्यांच्या संहितेत मात्र उत्पादक हे पात्र अजून शिरलेलं नाही. कचरावेचक ताईंना बोलवायचं तर दिवसाची मजुरी आधी ठरवावी, आणि माल निवडायची त्यांची दुपारची वेळ घेऊ नये. ती बुडाली तर त्या दिवसाची विक्री बुडते.

प्रयोग संपला की रिंगणातला कचरा चार वाटांनी जायला हवा: ओला खताच्या बादलीत, सुका वेचक ताईंच्या पोत्यात, लाल ठिपक्याची पुडी वेगळी, आणि बल्ब-बॅटरी असलं घातक काही असेल तर ते चौथ्या वाटेने. हे लोकांसमोर करायचं, पडदा पडल्यावर मागच्या मागे नाही. शपथेची पाच मिनिटं वाचवली की यासाठी वेळ मिळतो. शेवटी चौक झाडायचा.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. बहुतेक ठिकाणी पथकाला प्रयोगामागे पैसे मिळतात आणि पुरावा म्हणून जिओ-टॅग केलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो लागतो. साहजिकच पथक दिवसाला चार चौक उरकतं आणि कुठेही दुसऱ्यांदा जात नाही. पंधरा चौकांत एकेकदा जाण्याऐवजी पाच चौकांत तीन-तीनदा जावं: पहिल्यांदा प्रयोग, पंधरा दिवसांनी शंकांसाठी, महिन्याने मोजणीसाठी. मोजणी अवघड नाही. प्रयोगाआधी आणि महिन्यानंतर त्याच वीस घरांच्या बादल्या, तीन-तीन सकाळी, वेगळ्या केलेल्या किती आणि मिसळलेल्या किती. घंटागाडीवरचा माणूस रोज बघतोच. वहीत रेघा ओढायचं काम त्याच्यावर न टाकता पथकातल्या एकाने त्याच्यासोबत फिरावं. बिलाचा निम्मा भाग या वहीवर ठेवला तर कचरासुराची शिंगं आपोआप गळतील.

आपल्याकडे एक विनंती. यंदा पथनाट्याचं छायाचित्र छापाल तेव्हा उपस्थित मान्यवरांच्या नावांची ओळ थोडी आखडती घेऊन एवढी माहिती त्याखाली द्यावी: प्रयोगात कचरा किती किलो होता आणि प्रयोगानंतर तो कुठे गेला. बातमीदाराने हा प्रश्न विचारला तरी पुढच्या वर्षीच्या पथकांना तयारी करावी लागेल.

कळावे,
आपले,
पथनाट्य आणि कचरा वर्गीकरणाच्या कामातले काही कार्यकर्ते,
पुणे